पंजाची पोच

टपालकाकांना उभ्या आयुष्यात अकरा वेळा कुत्रं चावलं, आणि त्यातले तीन चावे एकाच कुत्र्याचे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढे काकांनी जो काही उद्योग केला तो मुक्या प्राण्यांच्या लाडापायी केला, असं कुणाला तरी वाटायचं. लाड कसले, डोंबल! कुत्रं दिसलं की काका सायकल आडवी धरून चालायचे, आणि मांजर जवळून गेलं तरी त्यांना लागोपाठ सात शिंका यायच्या. सहा नाही, आठ नाही, सात. काकू आतून मोजायच्या.

माणूस साधा. पस्तीस वर्षं पोस्टमन, पस्तीस वर्षं एकच भाग, घरं चारशे बारा. कुणाकडे नोकरीचं पत्र आलं, कुणाकडे कोर्टाचं आलं, कुणाच्या मुलाने लिहायचं बंद केलं, सगळं काकांच्या पोटात. बाहेर एक अक्षर नाही. आणि सगळ्यात मोठा अभिमान कशाचा, तर सेवापुस्तकातल्या एका पानाचा. त्या पानावर वरच्यांनी शेरे मारायचे असतात. उशीर झाला, पत्र हरवलं, उर्मट बोलला, असले. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि काकांचं ते पान कोरं होतं. "चौकट करून भिंतीवर लावा, म्हणजे मला रोज पुसता येईल," असं काकू म्हणायच्या. काका हसायचे, पण मनातून त्यांना ते खरंच करावंसं वाटायचं.

आता त्या पत्रपेटीचं. बेकरीच्या कोपऱ्यावर एक जुनी पेटी आहे, तोंड रुंद, कुलूप कुरकुरणारं. सात वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, काकांनी सकाळी साडेआठला तिचं दार उघडलं, तर आत पत्रांवर मांजरीची चार पिल्लं. डोळेही न उघडलेली. तीन गेली होती. चौथ्यात एका जाड पाकिटाखाली अजून धुगधुगी होती, आणि कुणाच्या तरी पाकिटावरचं ओलं तिकीट सुटून त्याच्या पाठीला चिकटलं होतं.

काका तिथेच पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. बेकरीवाला हातातला ट्रे टाकून धावत आला.

"कोण हो हा नालायक?" तो म्हणाला.

काकांनी बाहीला नाक पुसलं. "नालायक कशाला असेल? असेल कुणीतरी आपल्यातलंच."

त्यांना आपला भाग माहीत होता. एका खोलीत पाच माणसं, त्यात एक मांजर, मांजरीला वर्षातून तीनदा पिल्लं, आणि नसबंदीच्या ऑपरेशनला खाजगी डॉक्टर जे पैसे सांगायचे त्यात महिन्याचं भाडं निघायचं. पिल्लं कुणी घेत नाही, माणसाला मारवत नाही. मग माणूस अशी जागा शोधतो, जिथे सकाळी कुणीतरी नक्की उघडून बघेल. त्या बिचाऱ्याला काय माहीत, पेटी उघडेपर्यंत आत श्वास पुरत नाही म्हणून.

ते चौथं पिल्लू काकांनी पिशवीत घातलं, शिंकत शिंकत चारशे बारा घरं पालथी घातली आणि संध्याकाळी काकूंच्या मांडीवर ठेवलं. नाव पडलं तिकीट. मांजर वाढलं, चांगलं गलेलठ्ठ झालं, तरी तिच्या ऑपरेशनचे पैसे काही बाजूला पडेनात, म्हणून मोसम आला की काकू घराच्या सगळ्या खिडक्या लावून घामाघूम होत बसायच्या. आणि पेटीत त्यानंतर आणखी पाच वेळा पिल्लं निघाली. त्यातलं एकही जगलं नाही. तेव्हापासून काका पेटी उघडण्याआधी दोनदा टकटक करायचे, पत्र्याला कान लावायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. येणारेजाणारे एकमेकांना खुणा करायचे, म्हातारा चळला म्हणून.

चौथ्या वेळी मात्र काकांनी मेलेली पिल्लं एका टोपलीत घातली, वर फडकं टाकलं आणि टोपली नगरसेविकाबाईंच्या दारात नेली. "बाई, आजचं टपाल." बाईंनी फडकं उचललं, बघितलं आणि परत घातलं. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. पण नगरपालिकेच्या सभेत जे बोलायला लागल्या ते दोन वर्षं थांबल्या नाहीत. "इथे गटारं तुंबलीत आणि बाईंना बोक्यांची पडलीय!" असं एक सभासद ओरडला, तेव्हा बाई म्हणाल्या, "गटाराला तुम्ही दरवर्षी पैसे देता आणि ते दरवर्षी तुंबतं. मांजरीचं एकदा केलं की झालं." सभागृह हसलं, आणि हसता हसता निधी मंजूर झाला. भागातल्या लोकांच्या पाळलेल्या कुत्र्यामांजरांचं ऑपरेशन नगरपालिकेच्या खर्चाने. अट एकच. वर्ष संपेपर्यंत जेवढा वापरला तेवढा आपला. उरलेला परत, आणि निम्म्याहून जास्त उरला तर मागणी नाही म्हणून योजना बंद.

एकशे चाळीस अर्ज आले. निम्मे तर काकांनीच घरोघर फिरून भरून घेतले होते. त्यात एका आजोबांनी कासवाचाही अर्ज भरला, आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोज सहा अशा तारखा लावल्या. प्रत्येकाला रजिस्टर पत्राने तारीख कळवायची, आणि पत्र पोचल्याची पावती परत आली तरच ती तारीख पक्की.

इथे नगरपालिकेतला कारकून आला. अतिशय नीटनेटका माणूस हो, पेन्सिलीही उंचीप्रमाणे लावून ठेवणारा. वीस वर्षं त्याने माणसांच्या दवाखान्याच्या खात्यात काढली होती. तिथे कडक शिस्त, पत्र रुग्णाच्याच नावाने जाणार, नातेवाइकाच्या नाही. बदली होऊन तो जनावरांच्या खात्यात आला तो शिस्तीसकट आला. रुग्ण कोण? अर्जातला ढब्बू. मग पत्र कुणाला? ढब्बूला. त्याच्या डोक्यात शंकेची पालही चुकचुकली नाही.

वर्ष संपायला सहा आठवडे असताना पत्रं पोस्टात येऊन पडली. पोस्टाची मागची खोली म्हणजे एक लांब टेबल, भिंतीला घरांच्या नंबरांचे लाकडी खण, सुतळीचा गुंडा आणि आवाज करणारा पंखा. पोस्टमास्तरांनी वरची तीन पाकिटं वाचली आणि चष्मा काढला.

"श्री. ढब्बू. कु. महाराणी. श्री. सुभेदार. काका, ही काय थट्टा आहे?"

काकांनी गठ्ठा चाळला. खाली एक पत्र त्यांच्या स्वतःच्या घरचं होतं. कु. तिकीट, घर क्रमांक तीनशे एक.

"परत पाठवा," पोस्टमास्तर म्हणाले. "शेरा लिहा, या पत्त्यावर अशी व्यक्ती राहत नाही."

"राहत नाही कसं, साहेब? सुभेदार तिथेच राहतो. मला दोनदा चावलाय."

"रजिस्टर आहे हे. ज्याचं नाव त्याच्याच हातात. दुसऱ्याला द्यायचं तर ज्याचं नाव त्याचं लेखी अधिकारपत्र पाहिजे. लिहून देणार आहे का तुमचा सुभेदार?"

काकांनी मनात हिशेब केला. नवीन पत्रं छापून यायची म्हणजे महिना गेला. मग दोन आठवड्यांत किती ऑपरेशनं होणार? पैसे परत जाणार, योजना बंद होणार, आणि उन्हाळा आला की ती पेटी उघडायला जाणार कोण, तर आपणच. त्यांच्या डोळ्यांसमोर ती पेटीच आली. त्यांनी टेबलावरचं स्टँप पॅड उचललं.

"ज्याला सही येत नाही त्याचा आपण अंगठा घेतो ना, साहेब? साक्षीदारासमोर? पस्तीस वर्षं घेतोय. आता ह्यांना कुणालाच सही येत नाही."

पोस्टमास्तर माणूस वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. त्यांनी उठून पंखा मोठा केला. "मी काही ऐकलेलं नाही," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "काका, पुस्तकावर शेरा बसेल हो. आठ महिने राहिलेत. कशाला विकतचं दुखणं घेताय?"

काका दारात थांबले. ते कोरं पान त्यांना आठवलं नाही असं नाही. मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि निघाले.

पुढचे आठ दिवस भागाची नुसती करमणूक. प्रत्येक दारात काका पाकीट वर करून नाव पुकारायचे, "श्री. ढब्बू आहेत का घरात?" मालक हसून हसून बेजार. मग कुणी कुत्र्याचा पुढचा पाय धरायचं, कुणी मांजर टॉवेलमध्ये गुंडाळायचं, काका जांभळ्या शाईत पंजा टेकवून पावतीवर उठवायचे, आणि खाली मालकाची साक्षीदार म्हणून सही. मांजर असेल तर सात शिंका वेगळ्या. सगळ्यात गुणी पक्षकार निघालं ते कासव. त्याने न सांगता पाय पुढे केला. त्याचं पुढे डॉक्टरीणबाईंनी काही केलं नाही, आजोबांना हात जोडून घरी पाठवलं, पण पोच मात्र अगदी स्वच्छ उमटली होती.

घर क्रमांक सत्तावीस म्हणजे शिवणवाल्या ताईंची खोली. शिलाई मशीन खिडकीशी, मशीनवर मांजर, आणि उरलेल्या जागेत संसार. ताई कमी बोलणाऱ्या. नवरा गेल्यापासून तर आणखीच. त्यांनी महाराणीला धरलं, काकांनी पंजा टेकवला. पावतीवर बघतात तर मांजराची उमटतात तशी चार बोटं नाहीत. सहा आहेत.

काकांनी पुन्हा मोजली. सहाच. असा पंजा त्यांनी एकाच मांजराचा बघितला होता, आणि ते त्यांच्या घरी गादीवर झोपायचं. तिकिटाच्याही दोन्ही पुढच्या पायांना अशीच जास्तीची बोटं होती. काकू म्हणायच्या, मोजे घालून आलीय.

"हिची आईसुद्धा अशीच होती," ताई म्हणाल्या. "पंजा रुंद. गेली बिचारी मागच्या साली."

काकांना जे समजायचं ते समजलं. सात वर्षांपूर्वी पेटीत हात कुणाचा गेला असेल, ते समजलं. त्यांनी ताईंकडे बघितलं नाही. पावती घडी करून पिशवीत टाकली, "येतो ताई," म्हणाले आणि जिना उतरून खाली जाऊन शिंकले. काकूंनाही त्यांनी हे सांगितलं नाही. चारशे बारा घरांचं जे पोटात होतं त्यात हे एक.

सुभेदाराचं पत्र काकांनी अर्थातच शेवटी ठेवलं. सुभेदार हेडबाईंचा. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, पण दरारा अजून नोकरीतला. त्या फाटकापाशी येऊन म्हणाल्या, "द्या, मी सही करते."

"बाई, पत्र त्याच्या नावाचं आहे."

हेडबाईंनी काकांकडे बघितलं. नियम म्हटलं की त्यांच्या जिवाला बरं वाटायचं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फाटक उघडलं. काकांनी स्टँप पॅड खाली पायरीवर ठेवलं, पावती पुढे धरली आणि डोळे मिटून घेतले. सुभेदार नेहमीप्रमाणे धावत आला, पॅडवर पाय दिला, पावतीवरून गेला आणि काकांच्या पोटरीला लागला. पोच मिळाली. पावतीवर अर्धी, पॅन्टवर अडीच. इंजेक्शनं घ्यायला हेडबाई स्वतः रिक्षाने घेऊन गेल्या, आणि वाटेत त्यांनी सुभेदारालाही बरंच काही सुनावलं, तो घरी असूनही.

ऑपरेशनं सुरू झाली. दवाखान्याच्या दोन खोल्या, आतल्या खोलीत स्टीलचं टेबल, बाहेर बाकावर मांडीवर पिशव्या आणि करंड्या घेऊन बसलेले लोक. डॉक्टरीणबाईंचा हात चांगला. दोन आठवड्यांत अठ्ठावन्न जनावरं झाली, तिकीटही झाली, महाराणीही झाली. काका रोज जाता जाता खिडकीतून विचारायचे, "किती?" आतून आकडा यायचा, आणि पुढची गल्ली त्यांना हलकी वाटायची.

मग एक दिवस आतून आकडा आला नाही. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "काका, थांबवलंय."

झालं होतं असं. पंजांच्या पावत्या नगरपालिकेत पोचल्या, तिथे सगळे पोट धरून हसले. पण हिशेब तपासणारे एक गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी भिंग घेतलं. सगळ्या पावत्यांत दोन ठसे त्यांना अगदी सारखे दिसले. सहा बोटांचे. एक घर सत्तावीस, एक घर तीनशे एक. आणि तीनशे एक कुणाचं, तर खुद्द पोस्टमनचं! सरळ आहे, म्हणाले. ह्या माणसाने आपल्या घरच्या मांजराचा पंजा दुसऱ्याच्या पावतीवर मारलाय. एक खोटा, म्हणजे आणखी किती? चौकशी होईपर्यंत एकही ऑपरेशन नाही.

आठवड्याने पोस्टखात्याचे तपासनीस आले. जाडसर, शांत, बोलण्याआधी तीनदा पेन उघडमिट करणारे. वर्ष संपायला तेव्हा अकरा दिवस होते आणि एक्याऐंशी जनावरं तारखेची वाट बघत होती. मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर तपासनिसांनी दोन पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"ही दोन वेगळी मांजरं?"

"हो साहेब."

"दोघांना सहा बोटं?"

"हो साहेब."

"असं मांजर हजारात एखादं. एका भागात दोन, आणि त्यातलं एक तुमचं. कसं काय?"

आता एका वाक्यात सुटका होती. साहेब, बहिणी आहेत. पण मग पुढचा प्रश्न येणार, तुमच्याकडे कशी आली? आणि त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे ताईंचं नाव सरकारी कागदावर, ताईंचं नाव गल्लीत, बेकरीत, नळावर. एकीकडे एक्याऐंशी जनावरं, नोकरी, पेन्शन, ते पान. दुसरीकडे एक एकटी बाई.

"दोन वेगळी मांजरं आहेत, साहेब," ते पुन्हा म्हणाले. "कशी, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही जाऊन बघा."

पोस्टमास्तरांनी कपाळाला हात लावला.

तपासनिसांनी पेन तीनदा उघडमिट केलं. "तुमचं मांजर घ्या," ते म्हणाले. "आणि ते पॅड."

अशी ती वरात निघाली. पुढे तपासनीस, मागे पोस्टमास्तर, त्यांच्या मागे करंडीत तिकीट घेऊन शिंकणारे काका. ताईंनी दार उघडलं. महाराणी मशीनवर होती, पोटावरचे केस अजून पुरते उगवले नव्हते. काकांनी करंडीचं झाकण काढलं. तिकीट बाहेर आली, सरळ मशीनवर चढली, आणि दोघी शेजारी शेजारी बसल्या. चार रुंद पंजे एका ओळीत. तपासनीस वाकून मोजायला लागले.

ताई मात्र तिकिटाकडे बघत होत्या. हातातलं कापड त्यांनी खाली ठेवलं.

"काका, ही किती वर्षांची?"

काका करंडीचं झाकण परत लावायला लागले.

"सात ना?" ताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "एक जगलं?"

काकांनी मान हलवली. "एक जगलं, ताई."

ताई मशीनपाशी खाली बसल्या आणि तिकिटाचा पंजा हातात घेऊन रडायला लागल्या. रडता रडताच त्यांनी तपासनिसांना सगळं सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. नवरा तेव्हा आजारी होता, खोलीवाला मांजरासकट बाहेर काढीन म्हणत होता, पोस्टमन सकाळी उघडेल आणि काहीतरी करेल असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी बेकरीत ऐकलं, सगळी मेली म्हणून. "सात वर्षं मी त्या कोपऱ्यावरून गेले नाही, साहेब. पाव लांबच्या दुकानातून आणते. ऑपरेशन फुकट होणार म्हटल्यावर पहिला अर्ज माझा होता."

तपासनिसांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला, मग डोळेही पुसले.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी काकांना विचारलं.

"पंजा उठवला तेव्हा समजलं."

"आणि मघाशी बोलला नाहीत. नोकरीवर आली होती तुमच्या."

"साहेब, लोकांचं टपाल आम्ही उघडून वाचत नाही," काका म्हणाले आणि शिंकले.

तपासनिसांनी दोन्ही पंजे स्वतःच्या हाताने कागदावर उठवले, पावत्यांशी ताडून पाहिले, आणि तिथेच शिलाई मशीनच्या फळीवर कागद ठेवून अहवाल लिहिला. दोन मांजरं, दोन ठसे, दोन्ही खरे. पत्र ज्याच्यासाठी होतं त्याला मिळालेलं आहे, सगळ्या पावत्या ग्राह्य धराव्यात. पेटीबद्दल एक शब्द लिहिला नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्या अकरा दिवसांत रविवारसुद्धा पाळला नाही. रोज सात, कधी आठ. ताई शेवटचे आठ दिवस दवाखान्यात जाऊन बसायच्या आणि जुन्या शर्टांच्या बाह्या कापून टाक्यांवर घालायला छोटी छोटी अंगडी शिवायच्या, जनावराने टाके चाटू नयेत म्हणून. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचला काका खिडकीशी आले. "किती?" आतून उत्तर आलं, "एकशे एकोणचाळीस! आणि कासव घरी सुखरूप!" बाकावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि तिथल्या सगळ्या कुत्र्यांनी एकदम सूर लावला.

पुढच्या वर्षीचा निधी बिनबोभाट मंजूर झाला. नीटनेटक्या कारकुनाने आपली चूक सुधारली का? छे! त्याने अर्जाच्या नमुन्यात एक नवा रकाना काढला, रुग्णाच्या पंजाचा ठसा, आणि वर साहेबांची सही घेतली.

आणि काकांचं पान? त्यावर शेरा बसलाच. तपासनीस प्रामाणिक माणूस, जे घडलं ते लिहिणं भाग होतं. 'कार्यालयाचे स्टँप पॅड लेखी परवानगीशिवाय आठ दिवस बाहेर नेले.' पस्तीस वर्षांत एवढी एकच ओळ. दोन दिवस काका जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी काकूंनी सेवापुस्तकाची घरी आलेली प्रत उघडून ते पान समोर ठेवलं. "अहो, आधी हे पान कुणाचंही असू शकलं असतं," त्या म्हणाल्या. "आता बघितल्याबरोबर कळतं, आमच्या ह्यांचंच आहे." काका बराच वेळ ती ओळ वाचत बसले, आणि मग त्यांनी आणखी एक पोळी मागितली.

ताई आता दर रविवारी येतात. तिकिटाला मांडीवर घेतात, काकूंशी जुजबी बोलतात, काका दुसऱ्या खोलीत शिंकतात. पावही कोपऱ्यावरच्या बेकरीतूनच आणतात.

उन्हाळा आला. काकांच्या नोकरीचे शेवटचे महिने तेच होते, आणि पिल्लांचा मोसमही तोच. रोज साडेआठला काका पेटीपाशी थांबायचे, टकटक करायचे, कान लावायचे. शेवटच्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांच्या जागी येणारी नवी पोस्टमनबाई होती. काकांनी तिला किल्ल्या दिल्या, कुत्र्यांची घरं सांगितली, सुभेदार हल्ली चावत नाही पण भरवसा ठेवू नकोस असंही सांगितलं. मग पेटीवर दोनदा ठोकून कान लावला.

"हे कशासाठी, काका?" तिने विचारलं.

काका कान लावून उभे राहिले. आत काही नव्हतं. काल नव्हतं, परवा नव्हतं, सबंध उन्हाळाभर नव्हतं.

"काही नाही गं," ते म्हणाले. "सवय. तुला गरज नाही पडायची."

तिने किल्ली फिरवली. आत नऊ पाकिटं होती.